लाइडाचा नकार

आमच्या हॉलंडातल्या आमर्सफोर्टमध्ये कुणाला छपराला खिडकी पाडायची असो की बागेत लाकडी खोपटं उभारायचं असो, त्याला आधी लाइडा फान खिंकेलसमोर उभं राहावं लागायचं. नगरपालिकेच्या बांधकाम परवान्यांच्या खिडकीमागे ती तरुणपणापासून बसलेली होती आणि नाही म्हणण्याचाच तिला पगार होता. कुंपणाने शेजाऱ्याचं ऊन अडतं, नाही. छपराचा उतार नियमापेक्षा जास्त, नाही. एका बड्या नगरसेवकाने आपल्या गॅरेजसाठी हसत हसत शब्द टाकून पाहिला, तेव्हा ती म्हणाली होती, "साहेब, हा नियम तुम्हीच हात वर करून केलाय. विसरलात का?" नगरसेवकाचं हसू तिथंच वाळलं.

पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, लग्नाच्या भानगडीत न पडलेली अशी ही बाई. जिभेला हाड नाही म्हणतात ते तिच्याकडे बघून. आमच्याकडे तोंडावर बोलणं हा सद्गुण समजतात, त्यामुळे तिला लोक मानायचे. माझ्यासारखे दोनदा नकार खाऊन आलेलेसुद्धा मानायचे. तिला स्वतःलाही स्वतःबद्दल बरंच वाटायचं, आणि पुढची सगळी गोष्ट त्या वाटण्याचीच आहे.

तिचा बाप, एव्हर्ट, रेल्वेत सिग्नलवाला होता. गावाबाहेर रुळांच्या कडेला उंच केबिन होती, जिना चढून जायचं, तिथे लोखंडी दांड्यांची रांग. टेलिफोन वाजला की कुठली गाडी ते कळायचं, मग दांडा ओढायचा, की गाडीला वाट मिळाली. जर्मनांनी देश व्यापला होता त्या लढाईच्या वर्षांतही तो तेच करत होता. घरात त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही, विचारलंही नाही. पुढे टीव्ही आला आणि त्यावर एके वर्षी त्या काळावरची मालिका लागली. अॅमस्टरडॅमच्या ज्यू लोकांना डब्यांत भरून उत्तरेकडच्या छावणीत, तिथून पुढे मरायला, नेत होते ते लाइडाने पाहिलं. नकाशावरची रेघ आमर्सफोर्टवरून जात होती. दुसऱ्या रविवारी तिने बापाला गाठलं.

"बाबा, त्या गाड्या तुमच्या पाळीत जायच्या?"

"माझ्या जायच्या, दुसऱ्याच्या जायच्या. गाड्या काय, जातात."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"दांडा ओढत होतो. दुसरं काय काम असतं तिथं?"

"नाही म्हणायचं होतंत!"

म्हातारा तिच्याकडे खरोखर न कळल्यासारखा बघत राहिला. "कुणाला?" तो म्हणाला.

या एका प्रश्नावर लाइडाने बापाला टाकलं. तेव्हा आई हयात होती, ती रडली, तिने समजावलं. भाऊ बारेंड मात्र बहिणीच्या बाजूचा, किंबहुना बोलण्यात तिच्यापेक्षा जहाल, पण जाणंयेणं त्याने तोडलं नाही. आई गेल्यावर एव्हर्ट वृद्धाश्रमात राहायला गेला. लाइडा त्याला भेटायला गेली नाही. वर्षातून एकदा फक्त, त्याच्या वाढदिवसाला, बारेंडच्या घरी ती यायची. तिथे बैठकीत खुर्च्यांचं रिंगण मांडलेलं असायचं. आमच्याकडे आल्याआल्या पाहुणा रिंगणभर फिरून प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन करतो. वाढदिवस बापाचा असला तरी मुलाचं, सुनेचं, शेजारणीचंसुद्धा. लाइडा सगळ्यांचं करायची आणि बापाच्या खुर्चीपाशी आली की त्याला ओलांडून पुढच्याचा हात धरायची. पहिल्या वर्षी सगळे चपापले. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

ब्याऐंशी सालच्या वसंतात तिने वर्तमानपत्रात जाहिरात वाचली. शेजारच्या शहरातल्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला एका संशोधनासाठी नोकरदार माणसं हवी होती. परीक्षेच्या वेळी मनावर ताण येतो, त्याचा अभ्यास. एक सकाळ द्यायची, थोडं मानधन मिळणार. लाइडाला असल्या गोष्टींची हौस होती. रजा टाकून ती गेली.

संशोधक निघाला दाढीवाला पोरगा. मखमली जाकीट, पायात सपाता. "मी योस्ट," तो म्हणाला. "आणि अहो-जाहो नको हं, मला संकोच होतो." लाइडाला तो आवडला. अंगावर धड इस्त्रीचा शर्टही नसलेल्या या माणसाला कुणी घाबरेल असं त्याच्या आईलाही वाटलं नसतं.

काम त्याने समजावून सांगितलं. शेजारच्या खोलीत एक उमेदवार बसेल. बेकार आहे, आज त्याची नोकरीची परीक्षा आहे. पास झाला तर नोकरी, नाही तर नाही. लाइडाने ध्वनिक्षेपकावरून त्याला प्रश्न विचारायचे आणि मधूनमधून समोरच्या पडद्यावर जी वाक्यं उमटतील ती त्याला वाचून दाखवायची. ताणाखाली माणूस कसा वागतो ते विभागाला बघायचं होतं. नोकरीसाठी त्याला ताण झेलता यायची काही गरज नव्हती, हेही योस्टने सांगून टाकलं. सगळं उघड, सगळं प्रामाणिक. फक्त उमेदवाराला हे माहीत नव्हतं.

उमेदवार आत आला तेव्हा लाइडाने त्याला पाहिलं. तिशीतला, हडकुळा, गळ्याला टाय करकचून बांधलेला. टाय रोज बांधणाऱ्याची ती गाठ नव्हती. त्याने लाइडाशी हात मिळवला, आणि त्याचा हात गार होता.

पहिले काही प्रश्न नीट गेले. मग पडद्यावर वाक्य आलं आणि तिने वाचलं, "आतापर्यंत तुमचं फारसं बरं चाललेलं नाही." उमेदवार ओशाळून हसला. पुढचं वाक्य, "असंच चाललं तर तुम्ही नापास व्हाल." तो म्हणाला, "बाई, असं मधेमधे बोलू नका ना, माझं लक्ष जातं." लाइडाने मान वळवून योस्टकडे पाहिलं. "चालू ठेव," योस्ट म्हणाला. आवाज चढवून नव्हे. मीठ इकडे दे म्हणावं तसा.

तिला ते पटलं नव्हतं, ही गोष्ट खरी आहे आणि तिच्या बाजूने एवढी एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे बरोबर नाही, हे या माणसाला सांगायला हवं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलंसुद्धा. पण कधी सांगायचं? चालू कामात? कचेरीत कुणाची काही तक्रार असली तर ती कॉफीला निघते. साडेदहाला सगळे टेबलाभोवती बसतात, बिस्किटांचा डबा फिरतो, आणि मग जे काय असेल ते तोंडावर बोलायचं, अगदी साहेबालाही. उपमहापौरांचा निर्णय लाइडाने कॉफीवर फिरवून दाखवला होता. कामाच्या मधेच उठून बोलणं हे मात्र अडाणीपणाचं. तेव्हा लाइडाने मनाशी म्हटलं, कॉफीच्या वेळी बोलू. चांगलं फैलावर घेऊ या दाढीवाल्याला.

आणि तेवढ्या निर्धाराने तिचं मन शांत झालं. ती पुढे वाचत राहिली. "तुम्ही या कामाला लायक दिसत नाही." उमेदवाराची उत्तरं चुकायला लागली. "कृपा करा," तो म्हणत होता, "मला ही नोकरी हवी आहे, थांबा ना." तिने वाचलं, "तुमच्यासाठी हलकंसलकं काम बघावं हे बरं." त्याचा आवाज गेला. पेन खाली पडल्याचं ध्वनिक्षेपकातून ऐकू आलं. लाइडाचे तळहात घामाने ओले झाले होते, पण उच्चार एकदम स्वच्छ. शेवटचं वाक्य संपलं. उमेदवार नापास झाला.

मग कॉफी आली.

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात दार ढकलून तो उमेदवार स्वतःच आत आला. टाय सैल, चेहऱ्यावर हसू. तो नट होता. नोकरी नव्हती, परीक्षा नव्हती. योस्टने खुर्ची ओढली आणि अगदी हळुवारपणे तिला खरं काय ते सांगितलं. अभ्यास त्या उमेदवाराचा नव्हताच, तिचा होता. भलीभली माणसं, जी एरवी माशी मारणार नाहीत, कुणी नुसतं 'चालू ठेव' म्हटलं की कुठवर जातात, ते त्यांना बघायचं होतं. तिने वाईट वाटून घेऊ नये, जवळजवळ सगळेच शेवटपर्यंत जातात.

"सगळेच?" लाइडाने विचारलं.

"बहुतेक. थोडे उठून जातात. आम्ही त्यांना अडवत नाही."

"म्हणजे मी उठले असते तर?"

"तर तू घरी गेली असतीस. मानधनही मिळालं असतं." योस्टने बिस्किटाचा डबा पुढे केला. "तू का नाही उठलीस, सांगू शकशील?"

"मी कॉफीला बोलणार होते," लाइडा म्हणाली.

तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले. नट भला माणूस होता, त्याने खिडकीबाहेर बघितलं. योस्टने मान डोलावली आणि ते वाक्य लिहून घेतलं. त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लाइडाला झालं. आमच्याकडची जमीन पाण्यावर मातीचे बांध घालून केलेली, ती दुभंगत नाही. ती कॉफी पिऊन, आभार मानून, गाडी पकडायला स्टेशनला आली.

संध्याकाळी बारेंडचा फोन. त्याला जाहिरातीचं माहीत होतं. "काय गं, काय केलं त्या मेंदूवाल्यांनी तुझं?"

तिने सांगायला सुरुवात केली. उमेदवार, टाय, पडद्यावरची वाक्यं. बारेंड ऐकता ऐकता तापला. "हरामखोर! आणि तू काय केलंस?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाटही न बघता म्हणाला, "तू त्यांचं टाळकं सडकलं असशील. मला ठाऊक आहे ना!"

लाइडाने टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळली. खोटं बोलण्याइतकाही जोर तिच्यात उरला नव्हता.

"उठून आलीस ना?"

"हो," ती म्हणाली.

एवढंच ती बोलली. बाकीचं बारेंडने रचलं. आठवडाभरात सगळ्या नात्यागोत्यात झालं की लाइडाने विद्यापीठाच्या प्रोफेसराला भर खोलीत झाडला. कचेरीतही पोचलं. लोक खिडकीशी येऊन तिचं कौतुक करायला लागले आणि ती त्यांचे कागद उलटेसुलटे करत बसायची. त्या उन्हाळ्यात तिने खूप परवाने दिले. माझ्या खोपट्यालाही तेव्हाच मिळाला. मला वाटलं, बाई वयानं मवाळ झाली.

रात्री झोप येईना. डोळा लागला की "कुणाला?" असं विचारणारा बाप समोर. त्या एका शब्दासाठी तिने त्याला इतकी वर्षं ओलांडलं होतं. आता तोच शब्द तिच्यावर उलटला होता. नाही म्हणायचं होतं, पण कुणाला? सपाता घातलेल्या पोराला? त्याने तर अडवलंही नसतं. बापाला निदान लढाई होती, जर्मन होते, पोटची पोरं होती. तिच्यापुढे काय होतं? बिस्किटाचा डबा! शरम ही अशी वस्तू की ती कुणाला दिसत नाही तोवरच जास्त वाढते.

नोव्हेंबरात बापाचा वाढदिवस आला. लाइडा बारेंडच्या घरी पोचली तेव्हा रिंगण भरलेलं होतं. दाराशी बारेंडची बायको टिनेका, मग बारेंड, मग त्यांची शेजारीण, मग वृद्धाश्रमातले दोघे. लाइडा एकेकाचा हात धरत अभिनंदन करत सरकत गेली. बापाची खुर्ची आली. एव्हर्टने सवयीने हात मांडीवरच ठेवले होते. उगाच पुढे करून कशाला अपमान. लाइडा थांबली. वाकून तिने त्याचा हात उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

"अभिनंदन, बाबा."

खोलीत चमचेसुद्धा वाजायचे थांबले. 

"बघा!" बारेंड म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता आणि त्यामुळेच तो मोठ्याने बोलत होता. "जिंकलेल्यालाच असा मोठेपणा परवडतो. बाबा, तुम्हाला आम्ही सांगितलं नव्हतं. तुमच्या या पोरीलासुद्धा हुकूम झाला होता. एका गरीब माणसाची नोकरी घालव म्हणून. आणि ही नाही म्हणाली. उठून चालती झाली! म्हणजे येतं म्हणता, बाबा. मनात असलं तर नाही म्हणता येतं."

"अहो, वाढदिवस आहे त्यांचा," टिनेका म्हणाली.

"मग? खरं ते खरं."

एव्हर्टने लेकीकडे मान वर करून पाहिलं. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. बारेंडचा टोला त्याला लागलाच नव्हता, किंवा लागून जुना झाला होता. "खरंच, पोरी?" तो म्हणाला. "तू उठलीस?" आणि उत्तराआधीच तिच्या हातावर थोपटत म्हणाला, "शाबास. शाबास."

लाइडाला त्या हातातून आपला हात सोडवता येईना. तिच्या खोट्याची काठी झाली होती आणि ती म्हाताऱ्याच्या पाठीत बसत होती, आणि म्हातारा त्या काठीचं कौतुक करत होता. इतकं नीच आपल्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, असं तिला वाटलं. अजूनही नुसतं तोंड उघडायचं होतं. सगळे बसलेले होते, ऐकत होते. केक कापायला घेतला, बशा फिरल्या, आणि ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

थोड्या वेळाने एव्हर्ट सिगार ओढायला मागच्या दारी गेला. लाइडा त्याचा कोट घेऊन मागोमाग गेली. अंगणात गारठा होता, सायकली भिंतीला टेकवलेल्या. तिने कोट त्याच्या खांद्यावर टाकला आणि कोटाच्या पाठीकडे बघतच बोलली.

"बाबा, मी उठले नाही."

त्याने काडी पेटवली. वाऱ्याने विझली.

"शेवटपर्यंत वाचलं मी. तो माणूस गयावया करत होता. मी सगळं वाचलं. बारेंडला मी खोटं सांगितलं."

दुसरी काडी पेटली. एव्हर्टने सिगार ओढली. "तुला अडवलं असतं का कुणी?"

"नाही. दार उघडं होतं. तो एवढंच म्हणायचा, चालू ठेव."

"हं." म्हाताऱ्याने धूर सोडला. "आम्हाला तेवढंही कुणी म्हणालं नाही. टेलिफोन वाजायचा." मग म्हणाला, "वाजत ठेवला असता तर काय झालं असतं? हे मी रोज स्वतःला विचारतो. थोडा वेळ वाजला असता. मग दुसऱ्या कुणीतरी येऊन दांडा ओढला असता. पण मी तर ओढला नसता ना."

"मी तुम्हाला इतकी वर्षं..." लाइडाने बाहीने डोळे पुसले. ती रडत होती आणि रुमाल आत राहिला होता.

"बरोबर केलंस ते," तो म्हणाला. "कुणीतरी करायलाच हवं होतं. ते चुकलं नाही तुझं."

"मी आत जाते आणि सगळ्यांना सांगते."

"नाही." म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. "सांगायचं नाही. बारेंडला तर अजिबात नाही. या घरातलं एक माणूस नाही म्हणालं, असं मगाशी मी ऐकलं. मला किती बरं वाटलं तुला कळायचं नाही. ते राहू दे."

"पण ते खोटं आहे, बाबा!"

"मला कळलं ते. तरी राहू दे. गप्प बस."

इथे लाइडाने नाही म्हणायला हवं होतं. सांगावं तर त्याच्या म्हातारपणाचा एवढासा आनंद हिरावला जातो, न सांगावं तर खोट्याचा मुकुट डोक्यावर कायमचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण तिच्या मनात हा विचार नंतर आला. आधी आली ती सुटका. सांगायला नको! कुणीतरी सांगू नको म्हटलं, बरं झालं. तिच्या छातीवरचं ओझं झटकन उतरलं, आणि ते किती झटकन उतरलं हे लक्षात येऊन तिला विद्यापीठातल्या त्या सकाळच्या सगळ्याहून जास्त लाज वाटली.

"बरं," ती म्हणाली.

दोघं आत आले तेव्हा पलीकडच्या घरातल्या ओस्तिंगबाई उशिरा येऊन टेकत होत्या. बारेंडला नवा श्रोता मिळाला. "तुम्ही आमच्या लाइडाचं ऐकलंत का? लाइडा, तूच सांग."

लाइडा जागच्या जागी उभी राहिली. तिला बसायचंही सुचेना.

"ती नाही सांगायची," एव्हर्ट खुर्चीत बसत म्हणाला. "तिला स्वतःचं कौतुक आवडत नाही. मी सांगतो."

या घरात म्हातारा कधी गोष्ट सांगत नसे. सगळे त्याच्याकडे वळले. त्याने सांगायला घेतलं, आणि काय सुंदर सांगत होता! माणूस कसा विनवत होता, कशी ही ऐकत होती, कसा हिच्या कपाळावर घाम आला होता. "हुकूम तर होता," तो म्हणाला. "टेलिफोन सारखा वाजत होता. बाहेर काळोख. खाली वाट बघत असलेली माणसं. हिने आपला कोट खुंटीवरून काढला. टेलिफोन वाजतोच आहे. हिने दार उघडलं आणि एकेक पायरी करत जिना उतरून खाली आली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

विभागाची ती खोली तळमजल्यावर होती. सकाळची वेळ होती, आणि तिथे टेलिफोन नव्हता. हे त्या रिंगणात एका लाइडाला ठाऊक होतं.

"आणि मग?" ओस्तिंगबाईंनी विचारलं.

"मग काही नाही," म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "घरी आली. पोरं जागी होती."

लाइडाला पोरंबाळं नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाची चूक कोण काढतो. ओस्तिंगबाई उठल्या, रिंगण ओलांडून आल्या आणि त्यांनी लाइडाचा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं. लाइडाने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, विनय आहे.